शेजाऱ्यांच्या सणाला जाताना: मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

लातूर, जळगाव किंवा कणकवलीहून नोकरीसाठी मुंबईत आलं की पहिल्या वर्षातच लक्षात येतं, की गावाकडे पाडव्यापासून शिमग्यापर्यंत एका सरळ रेषेत जाणारं वर्ष इथे एकाच इमारतीत पाच-सहा तऱ्हांनी चालू असतं. तळमजल्यावरचे गुजराती काका दिवाळीतल्या पाडव्याला नवी वही घालतात. समोरच्या सिंधी कुटुंबाचं नववर्ष गुढी उतरवल्याच्या दुसऱ्या दिवशी येतं. पारशी आजी ऑगस्टमध्ये दाराला फुलांचं तोरण लावतात. ऑफिसातला मित्र कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत महिनाभर रोजे धरतो.

या सगळ्यांना फोनवर एक ठरावीक शुभेच्छा पाठवून देणं सोपं आहे. त्यापलीकडे जाऊन कुणाच्या घरी सणाला जायचं असेल, तर तीन गोष्टी ठाऊक हव्यात: त्यांचा दिवस कधी येतो, तो आनंदाचा आहे की शोकाचा, आणि त्या दिवशी ते काय खातात, काय खात नाहीत. एवढी माहिती असली की माणूस पाहुणा म्हणून शोभतो. हा लेख त्या माहितीसाठी आहे. मुंबई डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, पण पुणे, नाशिक, नागपूरलाही बराचसा लागू पडेल.

पायरी 1: तारखा का सरकतात ते एकदा समजून घ्या

इथे थोडा वेळ द्या, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

सूर्यावर चालणारे सण जवळपास एकाच तारखेला येतात. मकरसंक्रांत 14 जानेवारीला, एखाद्या वर्षी 15 ला. तमिळ शेजाऱ्यांचा पोंगल तेव्हाच, आणि पंजाब्यांची लोहडी आदल्या दिवशी. एप्रिलच्या मध्यावर बैसाखी, केरळचं विशू, तमिळ नववर्ष आणि बंगाल्यांचा पोइला बोइशाख दोन दिवसांत उरकतात. नाताळ 25 डिसेंबरला, त्याबद्दल कुणाला काही विचारावं लागत नाही.

आपलं पंचांग चंद्र आणि सूर्य दोघांनाही सांभाळतं. चंद्राचे बारा महिने सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी कमी भरतात, म्हणून साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक मास घालून हिशोब जुळवतात. म्हणूनच 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आली, आणि 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती 14 सप्टेंबरला जाते. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला गोंधळात टाकते. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे तुमच्या शेजारचे मिश्राजी जन्माष्टमी भाद्रपदात आहे म्हणतील आणि तुमची आई श्रावणात. दोघंही बरोबर आहेत, दिवस एकच आहे. मात्र उत्तर भारतीयांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, आणि त्यांचे श्रावणी सोमवारही तेव्हापासूनच. त्यांना जेवायला बोलावताना हे ध्यानात ठेवा.

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे, त्यात अधिक मास नाही. वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. रमजान ईद 2023 ला 22 एप्रिलला होती, 2024 ला 11 एप्रिलला, 2025 ला 31 मार्चला. 2030 मध्ये तर रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा. महिना चंद्र दिसल्यावर लागतो आणि दिवस सूर्यास्ताला बदलतो. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर परवा. म्हणून ‘ईद नक्की कधी?’ असं पंधरा दिवस आधी विचारलं तर मित्र ‘चाँद दिसला की सांगतो’ म्हणेल. ते टाळणं नव्हे, उत्तर खरंच तेवढंच असतं. सरकारी यादीतली सुट्टीही त्यासाठी एखाद्या दिवसाने हलते. भेंडी बाजारातल्या दाऊदी बोहरा मंडळींचं कॅलेंडर मात्र गणिताने आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे त्यांची ईद बहुधा इतरांच्या एक-दोन दिवस आधी होते. बोहरा सहकाऱ्याला सर्वांबरोबर शुभेच्छा दिल्यात तर त्याच्या घरचा शीरखुर्मा तोवर संपलेला असतो.

पारशांच्या शहेनशाही पंचांगात वर्ष बरोबर 365 दिवसांचं, लीप वर्षाचा दिवस नाही. त्यामुळे त्यांचं नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे येतं. 2023 पर्यंत ते 16 ऑगस्टला होतं, 2024 पासून 15 ऑगस्टला येतं आहे, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाबरोबरच. शिवाय 21 मार्चचा जमशेदी नवरोज वेगळा. तोही बरेच पारशी पाळतात, इराणी मंडळी तर विशेष करून.

ईस्टरचा हिशोब गंमतीचा आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून 2024 ला तो 31 मार्चला होता आणि 2025 ला 20 एप्रिलला. त्याआधीचा शुक्रवार गुड फ्रायडे, आणि त्याच्याही आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ.

ज्यू पंचांग आपल्यासारखंच चंद्र-सूर्य दोघांना सांभाळणारं, एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालणारं. त्यांचाही दिवस सूर्यास्ताला सुरू होतो.

पायरी 2: एक वही करा

नव्या वर्षाच्या आधी राज्य शासनाचा सामान्य प्रशासन विभाग सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतो. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 25 खाली निघणारी ही यादी आधी उतरवून घ्या. त्यात महावीर जयंती, गुड फ्रायडे, बुद्ध पौर्णिमा, मोहरम, पारशी नववर्ष, ईद-ए-मिलाद, गुरुनानक जयंती असे ठळक दिवस मिळतात. मग भिंतीवरचं कालनिर्णय उघडा. मराठी दिनदर्शिकेत ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी, ज्यू सणांच्या नोंदी बारीक अक्षरात असतात, आपण त्या वाचत नाही एवढंच.

या दोन्हींत न सापडणारं पुष्कळ असतं आणि ते माणसांना विचारूनच कळतं. इमारतीतल्या प्रत्येक घराला एक साधा प्रश्न विचारा: ‘तुमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस कोणता?’ उत्तरं अनपेक्षित येतात. बिहारी कुटुंब दिवाळी म्हणणार नाही, छठ म्हणेल. मल्याळी शेजारी ख्रिस्ती असूनही ओणम म्हणतील. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या आजी नाताळाच्या बरोबरीने ऑक्टोबरातल्या आगेराचं नाव घेतील, म्हणजे नव्या भाताच्या कापणीचा सण. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमा. मुंबईच्या समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते आणि नारळ वाहून दर्याची मनधरणी केल्यावरच खरा हंगाम धरतात. वहीत नावासमोर हा दिवस लिहा, आणि शेजारी एक रकाना ठेवा: काय खात नाहीत.

पायरी 3: आनंदाचे आणि शोकाचे दिवस वेगळे ठेवा

सुट्टी म्हणजे शुभेच्छा, ही सवय आधी सोडायला हवी. माझ्या मते नवख्याकडून सर्वांत जास्त मन दुखावलं जातं ते इथेच.

*मोहरम.* हिजरी वर्षाचा पहिला महिना, म्हणून काही जण ‘नववर्षाच्या शुभेच्छा’ पाठवतात. इ.स. 680 मध्ये करबला इथे इमाम हुसैन आणि त्यांचे सोबती तहानलेले मारले गेले. मोहरमची दहावी तारीख, आशुरा, त्या दुःखाची. शिया मंडळी काळे कपडे घालतात, मजलिसला म्हणजे शोकसभेला जातात, घरात लग्नकार्य काढत नाहीत. डोंगरी, इमामवाडा भागात या दिवसांत रस्त्यावर सबील लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत देतात. ते कुणीही घ्यावं. तहानलेल्याची आठवण म्हणून देतात, तेव्हा पेला घेऊन दोन घोट शांतपणे प्यावेत, हाच त्या दिवसातला सहभाग. सुन्नी घरांतून या दिवसांत रोजे ठेवतात, त्यांची रीत निराळी असते.

*गुड फ्रायडे.* येशूच्या मृत्यूचा दिवस. ‘हॅपी’ म्हणू नका. कॅथलिक घरात त्या दिवशी उपास असतो आणि मांस वर्ज्य असतं. रविवारी ईस्टरला मात्र मनापासून अभिनंदन करा.

*6 डिसेंबर.* 1956 साली या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं. दादरच्या चैत्यभूमीवर आणि शिवाजी पार्कात महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक येतात, पांढऱ्या कपड्यांत, रात्र-रात्र रांगेत उभे राहून अभिवादन करतात. ऑफिसात ‘आज दादरला गर्दी आहे, टाळा’ एवढंच ऐकू येतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. टाळण्याऐवजी जा. पुस्तकांचे स्टॉल बघा. एकाच जागी इतकी पुस्तकं विकली जाणारी दुसरी जत्रा महाराष्ट्रात दाखवणं कठीण आहे. खेड्यातून आलेला म्हातारा पिशवीतले मोजके पैसे काढून पुस्तक घेतो, ते बघण्यासारखं आहे. शुभेच्छा द्यायच्या नसतात, ‘अभिवादन’ आणि ‘जय भीम’ म्हणायचं. 14 एप्रिलची जयंती, वैशाखातली बुद्ध पौर्णिमा आणि दसऱ्याचा धम्मचक्र प्रवर्तन दिन हे मात्र आनंदाचे. तेव्हा मंगल कामना द्या आणि बुद्ध पौर्णिमेची खीर नाकारू नका.

*मुक्ताद.* पारशी नववर्षाच्या आधीचे दहा दिवस दिवंगतांच्या स्मरणाचे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पतेती, तो आत्मपरीक्षणाचा. ‘साल मुबारक’ दुसऱ्या दिवशी, नवरोजला म्हणायचं. आपल्याकडे वर्तमानपत्रंसुद्धा दोन्ही दिवस एक करून टाकतात, तेव्हा पारशी आजी रागावणार नाहीत. पण बरोबर दिवशी दार वाजवलंत तर खूश होतील.

आपला पितृपंधरवडा याच जातीचा. त्यात आपण नवी खरेदी टाळतो हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, तसंच हे.

पायरी 4: दारात शिरताना

गुरुद्वारा ही पहिल्या भेटीसाठी सगळ्यात सोपी जागा. तिथे वर्षभर कुणीही जाऊ शकतो, लंगर सर्वांना असतं. डोकं झाकायचं, रुमाल नसेल तर दारात मिळतो. चपला ठेवून हात-पाय धुवायचे. कडा प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा, रोटीही दोन्ही हात पुढे करून. पंगतीत जमिनीवर बसायचं, पानात टाकायचं नाही. जमल्यास नंतर भांडी घासायला बसा, कुणी नको म्हणत नाही. मुंबईत दादरला मोठा गुरुद्वारा आहे, आणि मराठवाड्यातल्या माणसाला नांदेडचं हुजूर साहिब सांगायला नको. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये तिथेच देह ठेवला.

चर्चमध्ये मिस्साला जायचं तर मागच्या बाकावर बसा. इतर उठले की उठा, बसले की बसा. गुडघे टेकायलाच हवेत असं नाही. वेदीजवळ पवित्र प्रसाद घेण्यासाठी रांग लागते, तिच्यात मात्र उभं राहू नका. तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो. नाताळचा मध्यरात्रीचा मिस्सा अनेक ठिकाणी मध्यरात्रीच्या बराच आधी सुरू होतो, वेळ चर्चच्या फलकावर बघून ठेवा. वसईत मराठीतून मिस्सा ऐकायला मिळतो. ज्यांना ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी असं वाटतं त्यांनी तो एकदा जरूर ऐकावा.

वांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चला जायला मात्र ओळखीपाळखीची गरज नाही. माउलीचा दिवस 8 सप्टेंबर, जत्रा त्यानंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. वाटेवर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकायला असतात. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, त्याचा आकार घेऊन तो माउलीपुढे ठेवतो. रांगेत मंगळसूत्रं आणि बुरखेही दिसतात. पाऊस असतोच, छत्री घ्या.

दर्ग्यात डोकं झाकून, चपला बाहेर ठेवून जायचं. डिसेंबरातली माहीमची जत्रा बघा. मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर पहिली चादर चढवण्याचा मान मुंबई पोलिसांचा असतो. माहीम पोलीस ठाण्यातून गणवेशातले अधिकारी संदल, म्हणजे दर्ग्यावर वाहायचं चंदन, डोक्यावर घेऊन निघतात. या शहराची ओळख करून घ्यायला दहा भाषणांपेक्षा ही एक मिरवणूक बरी.

अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. दारावरची पाटी वाचून परत फिरा, मनाला लावून घेऊ नका. त्यांचा नियम जुना आहे आणि तो कुणा एकाविरुद्ध नाही. पारशी सणाला घरीच जायचं असतं.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पुरुषांनीही डोकं झाकायचं. भायखळा आणि काळा घोडा इथली सिनेगॉग बघायला बरेच जण जातात. दोन्ही बगदादी ज्यूंच्या ससून घराण्याने बांधलेली. मराठी माणसाने मात्र मांडवीत, मस्जिद स्टेशनाजवळच्या ‘जुन्या मशिदी’कडेही वळावं. बेने इस्राएल मंडळींचं हे सिनेगॉग 1796 चं. हे लोक कोकणातल्या गावांवरून आडनावं घेतलेले, मराठी बोलणारे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हटले जायचे. त्यांनी आपल्या सणांना मराठी नावं दिली: नववर्षाचा नव्याचा सण, खिरीचा सण, जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाच्या शोकात धरलेला बिरड्याचा रोजा. वाल सोलून केलेलं बिरडं त्या उपासाशी जोडलं गेलं आहे. संख्येने आता थोडे उरलेत, बरेचसे इस्राएलला गेले. पण नवस फेडायला भिजवलेले पोहे, खोबरं, साखर आणि फळं घालून मलिदा करतात, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं नाव घेतात. त्या ताटाला बोलावणं आलं तर जाच.

पायरी 5: ताटावर बसताना आणि हातात काय न्यावं

बहुतेक घरांत चालेल अशी भेट म्हणजे फळं आणि सुका मेवा. केक नेताना अंडं, चॉकलेट नेताना जिलेटिन, आणि मद्य तर अगदी माहितीच्या घरीच.

जैन शेजाऱ्यांकडे चातुर्मासात, विशेषतः पर्युषणात, खाण्याचं काही नेऊ नका. श्वेतांबरांचे आठ दिवस संवत्सरीला संपतात, नंतर दिगंबरांचे दहा दिवस. कांदा, लसूण, बटाटा एरवीही वर्ज्य, या दिवसांत हिरवी भाजीही अनेकांना चालत नाही आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. कुणी आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी पीत असतं. संवत्सरीला ते तुम्हाला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतील, कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. तुम्हीही हेच शब्द परत म्हणा. वर्षभर पार्किंगवरून धुसफूस चाललेली दोन घरं या एका दिवशी बोलायला लागतात. हा दिवस आपल्या पंचांगातही असता तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

रमजानमध्ये रोजेदारासमोर डबा उघडायला त्याची हरकत नसते, पण ‘पाणीसुद्धा नाही?’ हे रोज विचारू नका. इफ्तारचं बोलावणं असेल तर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा. नंतर पोहोचणं म्हणजे पंगत उठल्यावर येणं. खजूर न्या. पहिला खजूर रोजेदारांनी उचलल्यावर तुम्ही उचला. मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीजवळ मालपुवा आणि फिरनी खायला जायचं तर रात्री उशिरा जा, संध्याकाळची नमाजाची वेळ त्यांना मोकळी ठेवा. बकरी ईदला मांसाचे तीन वाटे करतात: घराला, नातलग-मित्रांना आणि गरिबांना. तुमच्याकडे वाटा आला आणि तुम्ही शाकाहारी असाल तर ‘आम्ही खात नाही, पण आठवण ठेवलीत’ असं सरळ सांगा. नाक मुरडलेलं माणसाला लगेच कळतं. बोहरा घरात सगळे एका मोठ्या थाळाभोवती बसतात आणि जेवण चिमूटभर मिठाने सुरू होतं. समोरचा घास घ्या, थाळात हात लांब नेऊ नका.

पारशी नवरोजला धानसाकची फर्माईश करू नका. धानसाक त्यांच्याकडे मृत्यूनंतरच्या चौथ्या दिवशी मांस वर्ज्य संपताना करतात, शुभ दिवशी तो शिजत नाही. नवरोजला सकाळी रवो, दह्याबरोबर गोड शेव, दुपारी केळीच्या पानातली पात्रानी मच्छी, पुलाव-दाळ. हॉटेलं याच दिवशी धानसाकच्या जाहिराती करतात, त्यावरून अंदाज बांधू नका.

ओणमची साद्या केळीच्या पानावर असते. जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडायचं. बंगाली दुर्गापूजेत नवरात्र म्हणजे उपास हा आपला समज बाजूला ठेवा. शिवाजी पार्कच्या मंडपाबाहेर मासे आणि कबाब मिळतात, त्यात विटाळ कसला नाही, देवी माहेरी आलेली लेक आहे आणि घरात मेजवानी आहे. दुपारचा खिचुडीचा भोग रांगेत बसून घ्या.

छठला जुहूच्या किनाऱ्यावर व्रती बायका छत्तीस तास निर्जळी असतात. मावळत्या सूर्याला अर्घ्य, रात्र तिथेच किंवा घरी, पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य. सूप आणि त्यातल्या फळांना हात लावू नका, फोटो विचारून काढा. पहाटेच्या अर्घ्यानंतर ठेकुआचा प्रसाद मागून घ्यायची पद्धत आहे. तो मागण्यात कमीपणा नाही, उलट मान आहे.

पायरी 6: त्यांना आपल्याकडे बोलवा

नुसतं खाऊन येणं पुरेसं नाही. गणपतीला बोलवा, पण वेळ सांगा: आरती किती वाजता, विसर्जन दीड दिवसाचं की पाचव्या दिवशी की गौरीबरोबर. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं आणि तो सहाव्या दिवशी पेढे घेऊन रिकाम्या मखरासमोर उभा राहतो. आरतीला टाळ्या वाजवणं, प्रसाद घेणं, नमस्कार करणं यातलं काय करायचं हे पाहुण्यावर सोडा. काही मुस्लिम आणि ख्रिस्ती मित्र दर्शनाला येतील पण प्रसाद खाणार नाहीत. तेव्हा आग्रह नको, चहा द्या.

संक्रांतीचा तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, म्हणून पहिल्या वर्षी ओळखी करायला हा सण उत्तम. हळदीकुंकू करणार असाल तर इमारतीतल्या सगळ्या बायकांना बोलवा, धर्म आणि नवरा न विचारता. विधवा शेजारणीला वगळून केलेलं हळदीकुंकू मला पटत नाही. वाण कुणालाही देता येतं. दसऱ्याला आपट्याची पानं द्या, नागपूरकडच्या बौद्ध मित्राचा त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो हे लक्षात ठेवून त्याला आधी त्याच्या दिवसाच्या मंगल कामना द्या.

लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं, त्यांची यादी पोलीस ठाण्यात मिळते. वर्गणी मागताना पावती पुस्तक पुढे करून दारात उभं राहू नका, खोक्यात कुणी किती टाकलं हे बघू नका.

पायरी 7: दोन सण एका दिवशी आले तर

वेगवेगळ्या वेगाने चालणारी पंचांगं कधी ना कधी एकमेकांवर येणारच. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरला आले. त्या दिवशी गिरगाव, लालबाग, परळच्या रस्त्यांवर मिरवणुका असतात आणि ईदचा जुलूस भायखळ्याच्या खिलाफत हाउसपासून निघतो. मुस्लिम संघटनांनी आपसात बैठक घेऊन जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, आणि सरकारने 29 ला सुट्टी दिली. 2024 ला ईद 16 सप्टेंबरची आणि विसर्जन 17 चं, म्हणून जुलूस 18 ला गेला. 2025 ला विसर्जन 6 सप्टेंबरला, जुलूस 8 ला. तीन वर्षं लागोपाठ. बातमी दोन ओळींत येऊन गेली, पण ज्यांनी महिनाभर आधीपासून तयारी केली होती त्यांनी आपला मोठा दिवस पुढे ढकलला होता, हे लालबागच्या रांगेत उभं राहताना आठवावं.

आपल्या इमारतीत हेच लहान प्रमाणावर करायचं असतं. सत्यनारायणाची पूजा आशुऱ्याच्या संध्याकाळी असेल तर ढोल दुसऱ्या दिवशी वाजवा. सोसायटीची वार्षिक सभा गुड फ्रायडेला, योम किप्पूरला (ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाला) किंवा संवत्सरीला ठेवू नका. दहीहंडीचा सराव दहावीच्या मुलांच्या खिडकीखाली नको, आणि इफ्तारच्या वेळी लिफ्ट दुरुस्तीला काढू नका. हे सगळं वही असली तरच जमतं. म्हणून सोसायटीच्या फलकावर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या महिन्यातले सगळ्यांचे दिवस लिहायला लावा, शोकाच्या दिवसापुढे तसं स्पष्ट लिहून. चिटणीस टाळाटाळ करत असतील तर खडू तुम्ही घ्या, सही त्यांची घ्या.

पहिल्या वर्षी सगळीकडे जायचा हट्ट धरू नका. तीन घरं निवडा: एक मजल्यावरचं, एक ऑफिसातलं, आणि एक असं, की ज्यांच्या सणाबद्दल तुम्हाला काहीच ठाऊक नाही. तिघांनाही आधी विचारा, ‘या वेळी आलो तर चालेल का, आणि काय आणू?’